जुन्या गेमिंग पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड घालायचंय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

ग्राफिक्स कार्ड बदलणं हे हाताचं काम म्हणून अवघड नाही. दोन स्क्रू, एक खटका, एक-दोन केबली, आणि अर्धा-पाऊण तास. पैसे वाया जातात ते त्याआधीच्या निर्णयात. कार्ड कॅबिनेटमध्ये मावत नाही, एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) पेलत नाही, किंवा अडत असतं भलतंच आणि बदललं जातं कार्ड. म्हणून इथे बसवण्याइतकीच जागा मी बसवण्याआधीच्या तपासणीला देतोय, आणि त्यातही एसएमपीएसला सगळ्यात जास्त.

हे लिहिताना एक ठरावीक पीसी डोळ्यांसमोर ठेवलाय, कारण तसे पीसी आजही पुष्कळ घरांत चालू आहेत: २०१९-२० च्या सुमारास जुळवलेला, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० किंवा १०६० कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि १०८०पी मॉनिटर. तुमचा पीसी थोडा वेगळा असला तरी तपासायच्या गोष्टी त्याच आहेत.

अडतंय ते कार्डच आहे ना?

एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी ते चालतं. त्यातून खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, तापमान, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) दिसतील असं करून घ्या आणि नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर खेळा. जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्डच दमलंय. तो ५०-६० टक्क्यांत घुटमळतोय आणि तरीही गेम अडखळतोय, तर नवं कार्ड घालून फरक पडणार नाही.

खात्री करायला आणखी एक सोपी चाचणी आहे. गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस झपकन वाढले तर अडथळा कार्डाचा होता. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडतेय. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करावी, कारण कमी सेटिंगवर हे गेम बहुतेक वेळा प्रोसेसरवर अडतात. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतोय म्हणून फसू नका. गेमचा मुख्य भार एकाच कोअरवर असेल तर तो कोअर पूर्ण भरलेला असतो आणि बाकीचे रिकामे, सरासरी मात्र कमी दिसते.

अशा वेळी कमी खर्चाचे उपाय आधी बघा. रॅमची एकच स्टिक असेल तर तशीच दुसरी घालून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही एकत्र काम करतील. पुष्कळ पीसींमध्ये दुकानदाराने एकच स्टिक लावून दिलेली असते आणि मालकाला ते ठाऊकच नसतं. बी४५० बोर्डावर बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो, बोर्ड बदलावा लागत नाही. आणि जुनं कार्ड खेळताना ८५ अंशांपुढे जाऊन वेग कमी करत असेल, तर आधी त्याची धूळ काढा, थर्मल पेस्ट बदला. चार-पाच वर्षं न उघडलेल्या कार्डाच्या हीटसिंकमध्ये धुळीची अक्षरशः गादी तयार झालेली असते.

जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० वाल्यांकडे मात्र बदलाला वेगळं कारणही आहे. या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबवलं. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्या हुबेहूब दाखवण्याच्या तंत्राचं) हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. तिथे सेटिंग कितीही खाली आणली तरी जीटीएक्स कार्डावर भागत नाही.

एसएमपीएस

कॅबिनेटची बाजूची झडप उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल शोधा. बऱ्याचदा ते आतल्या बाजूला वळलेलं असतं. मग मोबाइलचा कॅमेरा आत घालून फोटो काढा. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. आतल्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि त्याखाली किती अँपिअर आहेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात.

आता गुणाकार करा. समजा लेबलवर +१२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिलंय. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. बाहेर ४५० लिहिलेलं असलं तरी गेमिंगच्या कामाचे फक्त १९२. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. दोघांच्या किमतीत फरक का, ते या एका रकान्यात कळतं. १२ व्होल्टच्या दोन ओळी दिसल्या तर त्यांची बेरीज न करता दोन्हींचा मिळून दिलेला वॅटचा आकडा धरा.

आता गरज किती ते बघू. रायझन ५ ३६०० पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत खेचतो. पंखे, एसएसडी, हार्ड डिस्क, मदरबोर्ड, यूएसबीला लावलेल्या वस्तू यांचे मिळून ५० वॅट धरा. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, आरएक्स ६६०० ला १३२, आरटीएक्स ५०६० ला १४५, आरएक्स ९०६० एक्सटीच्या १६ जीबी मॉडेलला १६० आणि आरटीएक्स ५०६० टीआयला १८०. म्हणजे बेरीज २५० ते ३२० वॅटच्या दरम्यान येते. पण ही सरासरी झाली. आताची कार्डं सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती लिहिलेल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतात, आणि हलका एसएमपीएस त्याच क्षणी हात टेकतो. म्हणून आरटीएक्स ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते. कार्डाच्या पानावर असा आकडा दिलेला असतो, तो पाळा. मी स्वतः या वर्गातल्या कुठल्याही कार्डासाठी चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवतो. पुढचं कार्डही त्यावर निघून जातं.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे शिक्के वीज किती कमी वाया जाते ते सांगतात. शॉर्टसर्किटपासून किंवा जादा भारापासून संरक्षण किती चांगलं आहे ते त्यातून कळत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघा. पाच किंवा सात वर्षांची वॉरंटी देणारी कंपनी सहसा आतल्या कपॅसिटरमध्ये काटकसर करत नाही.

गेम ऐन रंगात आला की पीसी तडक बंद होतो किंवा आपोआप रीस्टार्ट होतो, ब्राउझरवर मात्र दिवसभर चालतो, या लक्षणाचा पहिला संशयित एसएमपीएस. मुलं विंडोज फॉरमॅट करतात, रॅम बदलतात, आणि दोष तिथेच बसलेला असतो.

केबलींचं गणितही आत्ताच करून घ्या. कार्ड ज्यात बसतं तो मदरबोर्डाचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो. सहा पिनची केबल ७५, आठ पिनची १५०. तुमच्या एसएमपीएसमधून सहा अधिक दोन अशी फुटलेली केबल निघतेय का ते बघा, तीच कार्डाची. प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी असते आणि लांबून सारखीच दिसते, पण तिच्या पिनांचा आकार वेगळा आणि व्होल्टची मांडणी उलटी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. कार्डाला आठ पिनच्या दोन जागा असतील तर एकाच केबलच्या दोन तोंडांवर भागवण्यापेक्षा एसएमपीएसमधून दोन स्वतंत्र केबली आणा.

आणि आता जे सांगतोय ते कृपा करून हलक्यात घेऊ नका. एसएमपीएसला आठ पिनची केबल नसेल, तर त्याचा अर्थ तो एसएमपीएस या कार्डासाठी बनलेला नाही. बाजारात साटा किंवा मोलेक्सवरून आठ पिन करून देणारं कन्व्हर्टर स्वस्तात मिळतं. साटाचं तोंड १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटचं आहे. त्यातून १५० ओढले की प्लास्टिक वितळतं. दुसरी गोष्ट मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या केबलींची. एका कंपनीच्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकात पिनांची मांडणी ज्याची त्याची. केबल छान बसते, बटण दाबलं जातं आणि १२ व्होल्ट जिथे जायला नकोत तिथे जातात. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही हा फरक असतो.

आपल्याकडे दोन गोष्टी आणखी तपासाव्या लागतात. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण त्यातला बराचसा माल ३६० वॅटचाच असतो, आणि त्यावर मॉनिटरही चालतो. नवं कार्ड आलं की खेळताना वीज गेल्यावर तो यूपीएस पीसी सांभाळेल अशी आशा धरू नका. वॅटचा आकडा बघून मोठा घ्या. दुसरं अर्थिंग. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. नवं कार्ड आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते नीट करून घ्या.

जागा मोजा

टेप घ्या. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर आहेत ते मोजा. समोर रेडिएटर असेल तर त्याच्यापर्यंतच. कार्डाच्या पानावर लांबी दिलेली असते, तिच्यावर वीस-पंचवीस मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर कार्ड आत घालताना वळवायलाच जागा मिळत नाही. जाडीही बघा. अडीच किंवा तीन स्लॉटचं कार्ड खालच्या साटा पोर्टांवर किंवा समोरच्या यूएसबीच्या केबलवर टेकू शकतं. एकच चिप दोन पंख्यांच्या आखूड कार्डातही मिळते आणि तीन पंख्यांच्या लांबलचक कार्डातही. ११५ वॅटच्या चिपला तीन पंखे लागत नाहीत.

ज्यांनी ऑफिसातून निघालेला छोटा ब्रँडेड पीसी घेऊन त्यावर गेमिंग सुरू केलंय त्यांचा रस्ता वेगळा आहे. त्यातला एसएमपीएस खास आकाराचा, २५०-३०० वॅटच्या आतबाहेरचा असतो आणि कार्डासाठी केबल नसते. तिथे फक्त स्लॉटच्या ७५ वॅटवर चालणारं बुटकं कार्ड बसतं. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटवर चालतं आणि बुटक्या आकारातही येतं. घेताना ६ जीबी हा आकडा नीट बघा. त्याच नावाचं ८ जीबी मॉडेल १३० वॅटचं आहे, त्याला वेगळी केबल लागते.

कार्ड निवडताना

मॉनिटर १०८०पी आणि ६० हर्ट्झचा असेल आणि तो बदलायचा विचार नसेल, तर आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० च्या पुढे पैसे टाकण्यात अर्थ नाही.

जुन्या बोर्डवाल्यांनी एक आकडा मात्र नक्की बघावा, आणि दुकानात तो सहसा कुणी सांगत नाही. कार्ड किती लेनचं आहे, म्हणजे मदरबोर्डाशी माहितीची ने-आण करायला त्याला किती वाटा आहेत? कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात, आणि बी४५० बोर्डावर तो ३.० पिढीचा आहे. त्याच्या सोळा लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, आठ लेनमधून ८ जीबी. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही सगळी आठ लेनची कार्डं आहेत. स्लॉट लांब दिसतो, कार्डाची पट्टीही लांब दिसते, पण वापरात आठच. एरवी याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते व्हीरॅम भरल्यावर. ८ जीबी भरले की कार्ड उरलेला माल मदरबोर्डावरच्या रॅममध्ये ठेवतं आणि याच रस्त्याने ने-आण करतं. नव्या बोर्डावर हा रस्ता दुप्पट-चौपट रुंद असतो, तुमच्याकडे अरुंद. मग सरासरी एफपीएस चांगले दिसतात, पण मध्येच गेम गचके खातो.

म्हणून जुन्या बोर्डावर बजेट ताणता येत असेल तर मी आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी मॉडेल सुचवतो. त्याला सोळाही लेन आहेत आणि व्हीरॅम भरण्याची वेळ सहसा येत नाही. वापरलेलं घ्यायचं असेल तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी मॉडेलही सोळा लेनचं आहे, १७० वॅट लागतात. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार लेनचं आणि ४ जीबीचं आहे, जुन्या बोर्डावर ते घेऊ नका. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर आकर्षक दिसतं, १२ जीबी मिळतात, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला सगळा व्हीरॅम एकदम वापरू देणारी बायोसमधली सोय) चालू नसेल तर ते लंगडं पडतं, आणि रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग बराच घटतो हे चाचण्यांत दिसून आलंय. नव्या प्रोसेसरसोबत ते चांगलं कार्ड आहे, तुमच्या जुन्या पीसीसाठी नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन ओळखीतून वापरलेलं कार्ड घेणार असाल तर चालू पीसीत लावून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून चिपचं नाव, व्हीरॅम आणि शेडर्सचा (चिपमधल्या छोट्या गणन-एककांचा) आकडा कंपनीच्या पानाशी ताडून बघा. जुन्या चिपचं बायोस बदलून तिला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावापुढे ते बनावट असल्याचं लिहितं. आरएक्स ५८० घेताना शेडर्स २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ते वेगळं, हलकं मॉडेल आहे. मग वीसेक मिनिटं जड गेम चालवा. रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवा. सगळे पोर्ट लावून बघा, पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रूंची डोकी घासलेली आहेत का बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टोचलन कमावणं) थांबलं तेव्हा वर्षानुवर्षं अखंड चाललेली कार्डं मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यातली सगळी वाईट नाहीत, पण पंखे आणि थर्मल पॅड बदलायचा खर्च धरूनच भाव करा. मूळ बिल मागा. नवं घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

आदल्या दिवशीची तयारी

मदरबोर्डाच्या कंपनीच्या पानावरून नवीन बायोस घ्या आणि जुनं कार्ड लावलेलं असतानाच अपडेट करा. वीज जाण्याची शक्यता असेल तर यूपीएसवरच. त्याआधी विंडोजचं ड्राइव्ह एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते तात्पुरतं थांबवा आणि रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती की मागू शकतं.

विंडोजच्या शोधपट्टीत सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बायोस मोडसमोर काय लिहिलंय ते वाचा. यूईएफआय असेल तर छान. लेगसी असेल तर बायोसमधला सीएसएम (जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करण्याचा) पर्याय रिसायझेबल बारसाठी बंद करावा लागतो, पण तो लगेच बंद करू नका, विंडोज सुरूच होणार नाही. आधी डिस्क जीपीटी या नव्या रचनेत बदलावी लागते. ते काम महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घेतल्यावरच.

नव्या कार्डाचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. एनव्हिडियावरून एनव्हिडियावर जात असाल तर जुना ड्रायव्हर काढण्याची सहसा गरज पडत नाही. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर डीडीयू नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. इंटरनेट तोडा, विंडोज सेफ मोडमध्ये न्या, डीडीयूमध्ये साफ करून बंद करण्याचा पर्याय निवडा. इंटरनेट तोडायचं कारण असं, की नाहीतर विंडोज मध्येच स्वतःहून एखादा जुना ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

बसवणं

पीसी बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा. मग समोरचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा. गादी, सतरंजी किंवा गालिचावर हे काम नको. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा आणि मध्ये मध्ये लावत राहा. स्टार स्क्रू ड्रायव्हर एकच पुरतो. सुरू करण्याआधी आतला एक फोटो काढून ठेवा.

जुन्या कार्डाची पॉवर केबल असेल तर तिच्या तोंडावरची क्लिप दाबून तोंड धरूनच ओढा, वायर धरून नाही. मागच्या पट्टीचे स्क्रू काढा आणि वाटीत ठेवा. आता स्लॉटच्या टोकाचा खटका. नवखे इथेच अडतात, कारण तो कार्डाच्या खाली लपलेला असतो आणि बोट पोचत नाही. मोबाइलच्या उजेडात आधी तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. काही खाली दाबायचे असतात, काही बाजूला सरकवायचे. बोट पोचत नसेल तर आइस्क्रीमची लाकडी काडी वापरा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक निसटलं तर मदरबोर्डावरची बारीक रेघ कापते आणि ती नुकसानभरपाई महाग असते. खटका दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने कार्ड सरळ वर उचला. अडलं तर खटका पूर्ण सुटलेला नाही, ओढाताण करू नका.

स्लॉट मोकळा झालाय तोवर कॅबिनेटची धूळ काढून घ्या. ब्लोअर मारताना पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा.

नव्या कार्डाच्या सोनेरी पट्टीवर आणि पोर्टांवर प्लास्टिकची झाकणं असतात, ती काढा. सोनेरी भागाला बोटं लावू नका, कार्ड कडेने धरा. कार्ड प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्येच घाला. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असतो, पण बऱ्याच बोर्डांवर त्यात चारच लेन असतात. मागच्या पट्टीची जीभ मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मधल्या फटीत नीट उतरतेय हे बघा, मग दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. खटका टक्‌ करून वर येतो. न आल्यास कार्ड एका बाजूने तिरकं आहे. स्क्रू लावा. कार्ड लांब आणि जड असेल तर बॉक्समध्ये आलेला टेकूही लावा, एरवी ते पुढच्या टोकाला झुकत जातं.

पॉवर केबलचे सहा आणि दोन एकत्र जुळवून एकाच दाबात बसवा, क्लिप अडकल्याचा आवाज आला पाहिजे. नव्या बारीक सोळा पिनांच्या तोंडाचं कार्ड असेल तर जास्त लक्ष द्या. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ची तोंडं वितळल्याच्या घटना गाजल्या, आणि अर्धवट बसलेली केबल हे त्यातलं एक प्रमुख कारण निघालं. तोंड आणि कार्ड यांच्यात फट दिसता कामा नये, आणि केबल तोंडापाशीच कचकन वाकवू नका. शेवटी एखादी वायर पंख्याला लागत नाही ना ते बघा.

पहिल्यांदा सुरू करताना

झडप अजून लावू नका. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात लावा, मदरबोर्डाच्या नाही. डिस्प्ले येत नाही म्हणून ज्यांना मदत करावी लागते, त्यातल्या पुष्कळांचं कारण एवढंच असतं. पहिल्यांदा स्क्रीन यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. कार्डाचे पंखे थोडे फिरून थांबले तर घाबरू नका. कमी भारावर पंखे बंद ठेवणं ही आताच्या बहुतेक कार्डांची रीतच आहे.

दोन मिनिटांत काहीच आलं नाही तर पीसी बंद करून वायर काढा आणि क्रमाने बघा: पॉवर केबल पूर्ण आत आहे का, कार्ड काढून पुन्हा बसवलं तर काय होतं, काम करताना हात लागून रॅमची स्टिक हलली आहे का, मॉनिटरचं दुसरं पोर्ट किंवा दुसरी केबल चालते का. मदरबोर्डावर व्हीजीए नावाचा छोटा दिवा पेटून राहिला तर त्रास कार्ड ओळखण्यात आहे. मग सीएमओएस रीसेट करून, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणून बघा. तरीही नाही, तर जुनं कार्ड परत लावा. ते चालू झालं तर बोर्ड आणि एसएमपीएस जिवंत आहेत, आणि दुकानदाराशी बोलायला तुमच्या हातात ठोस माहिती आहे.

विंडोज आलं की ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर अडकून बसलेला असणं फार सामान्य आहे. बायोसमध्ये अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रिसायझेबल बार हे दोन पर्याय चालू करा. रायझन ३६०० आणि बी४५० वर नवीन बायोससह ते बहुतेक ठिकाणी मिळतात. सीएमओएस रीसेट केलं असेल तर रॅमचं एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) पुन्हा चालू करायला विसरू नका.

जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसचा रकाना बघा. काम नसताना तिथे १.१ दिसेल, कारण कार्ड वीज वाचवत असतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू करा, मग आकडा बदलतो. आरटीएक्स ४०६० असेल तर बी४५० वर आठ लेन आणि ३.० दिसलं पाहिजे. आठच्या जागी चार दिसले तर कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा नीट बसलेलं नाही.

आता झडप लावून अर्धा तास तुमचा सगळ्यात जड गेम खेळा. तापमान ६५ ते ८० अंशांत स्थिरावलं तर चिंता नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४० च्या पुढे असते, तिथे याहून थोडं वर जाईल. झडप काढल्यावर तापमान आठ-दहा अंश उतरत असेल तर कार्ड ठीक आहे, कॅबिनेटला हवा कमी पडतेय. पुढे आत हवा ओढणारा एक पंखा वाढवा. मेनूमध्ये एफपीएस शेकड्यांत गेल्यावर कार्डातून बारीक चिरचिर ऐकू येते, ती कॉइलची असते. त्याने कार्ड बिघडत नाही. एफपीएसला मॉनिटरच्या रिफ्रेश रेटवर मर्यादा घातली की ती बरीच कमी होते, आणि उष्णताही.

जुनं कार्ड लगेच विकू नका. नवं ज्या काळ्या-चंदेरी पिशवीत आलं त्या पिशवीत ते घालून बॉक्समध्ये ठेवा आणि नव्याची बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत घरातच राहू द्या. नव्याचा बॉक्स आणि बिलही जपून ठेवा. वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर ते त्याच बॉक्समधून सुखरूप जातं.